सोमवारी फेस नव्हता

१

गुरुवारी सकाळी साडेदहाला वर्तमानपत्राच्या कचेरीत दोन गोष्टी एकदमच दाखल झाल्या. एक, उद्याच्या पहिल्या पानाचा कच्चा नमुना. आणि दुसरी, इस्त्रीचे चार शर्ट हातात घेतलेले लाँड्रीवाले काका. नमुन्यावर शहरातून वाहणाऱ्या ओढ्याचा नकाशा होता. त्यावर वाचकांनी पाठवलेले एकशे बारा लाल ठिपके होते आणि जवळजवळ सगळेच काकांच्या लाँड्रीवर माश्यांसारखे घोंगावत होते.

नमुना आणला छापखान्याच्या फोरमननी. त्यांच्या बोटांना संत्र्याचा वास येत होता. बिचारे डबा खाता खाता उठून आले असावेत, असे कोडेबाईंना वाटले. शर्ट कोडेबाईंच्या नवऱ्याचे होते आणि ते शनिवारी मिळायचे होते. गुरुवारीच शर्ट आले म्हणजे काहीतरी भलतेच घडले आहे, हे ओळखायला गुप्तहेर व्हायची गरज नव्हती.

कोडेबाई या वर्तमानपत्रात बावीस वर्षे रोजचे शब्दकोडे रचत होत्या. त्यांचे खरे नाव हजेरीपुस्तकात होते आणि तिथेच पडून होते. कोड्याला खिडकीजवळची जागा कशाला हवी, असे कोणा एका संपादकाला वाटल्यामुळे त्यांचे टेबल दाराशी होते. त्यामुळे आत येणारा प्रत्येक माणूस आपले गाऱ्हाणे आधी त्यांच्यापुढेच मांडायचा. बाईंची त्याला ना नव्हती, कारण लोकांची गाऱ्हाणी आणि शब्दकोडी यांत त्यांना फारसा फरक दिसत नसे.

काकांचे गाऱ्हाणे सरळ होते. तीन आठवड्यांपासून ओढ्यावर सकाळी पांढरा फेस येत होता. मासे उलटे होऊन तरंगत होते. ‘फेस दिसला की फोटो काढा, आमच्या नकाशावर पाठवा’ असे दोन आठवड्यांपूर्वी वर्तमानपत्राने वाचकांना सांगितले. नकाशा संकेतस्थळावर सगळ्यांना दिसत होता, त्यामुळे काकांचे गिऱ्हाईक आता कपडे टाकताना त्यांच्याकडे चोरासारखे बघू लागले होते. काल पालिकेचा निरीक्षकही येऊन गेला. हे छापून आले की मला लाँड्रीला सील ठोकावेच लागेल, असे तो चहा पीत सांगून गेला.

“बाई, तीस वर्षं मी लोकांचे डाग काढतोय,” काका म्हणाले. “हा माझ्यावर बसला तर कोण काढणार? उद्या सकाळी पेपर आला की मी संपलो.”

कोडेबाईंना फार वाईट वाटले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि समोरच्या टेबलाकडे पाहिले.

समोर बसली होती त्यांची सख्खी भाची. पर्यावरणाच्या बातम्या करणारी, हा नकाशा जिच्या डोक्यातून निघाला ती. तीही काही हौसेने कोणाच्या पोटावर पाय आणणारी नव्हती. ती उठून आली आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली, “मावशी, एकशे बारा ठिपके सत्तर-एक वेगवेगळ्या लोकांनी पाठवलेत. कोणी मुद्दाम रचलेलं नाही, ते मी तपासलंय. आणि एक गोष्ट बघ. दोन आठवड्यांत दोन सोमवार आले. दोन्ही सोमवारी एकही ठिपका नाही.”

“सोमवारी माझी लाँड्री बंद असते,” काका म्हणाले. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आले आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

२

कोडेबाई संपादकांकडे गेल्या. संपादक गोल, प्रेमळ आणि चहाच्या दुसऱ्या कपाआधी कुठलाही निर्णय न घेणारे गृहस्थ होते. बाईंना पाहताच त्यांनी नेहमीची थट्टा सुरू केली. सोमवारच्या कोड्यात काळी घरे अशी पडली होती की मधोमध मांजराचे तोंड दिसत होते, मिशांसकट. चार दिवस झाले तरी त्यांना ते पुरत होते.

बाईंनी मांजर बाजूला सारले आणि संध्याकाळी सहापर्यंतचा वेळ मागितला. सहाला पहिले पान छपाईला जाते. तोवर त्यांनी दुसरे काही सिद्ध केले नाही, तर नकाशा आहे तसा छापायचा.

संपादकांना ते पटले, पण त्यांनी आपली बाजूही सांगितली. भाचीची लेखमाला वाचून ते स्वतः बदलले होते. कचेरीत आता प्लास्टिकचे पेले नव्हते, छापखान्यातही डब्यावर हिरवे पान छापलेलेच सामान येत होते. आधी आपण सुधारायचे आणि मगच दुसऱ्याला सांगायचे, हा त्यांचा बाणा होता. “आपण शुद्ध आहोत, बाई,” ते म्हणाले. “म्हणून तर आपल्याला बोलायचा अधिकार आहे.”

तिथून बाई नकाशावाल्याकडे वळल्या. डोक्यावरचे केस नकाशातल्या ओसाड प्रदेशासारखे विरळ झालेला, चाळिशीकडे झुकलेला हा गडी संगणकाशी जितका गोड बोलायचा तितका माणसांशी बोलत नसे. पण वाचकांचा त्याला भारी कळवळा होता. फोटो पाठवताना नकाशावर बोट ठेवून जागा दाखवायची, अशी सोय त्याने आधी केली होती. म्हाताऱ्या वाचकांनी तक्रार केली की बोट भलतीकडेच पडते. म्हणून त्याने ती पायरीच काढून टाकली. आता एक बटण दाबले की झाले, बाकीचे काम फोन आपले आपण करतो.

“लोकांना त्रास नको, बाई,” तो अभिमानाने म्हणाला.

बाईंनी मान डोलावली. त्या वेळी त्यांना त्यात काही खटकले नाही. त्यांनी वाचकांचे शेरे तेवढे मागून घेतले. कोणी लिहिले होते ‘लाज वाटली पाहिजे’, कोणी ‘कुत्र्याने पाय घातला, आता तो माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतो’. एकीने लिहिले होते, ‘फेसाला वास चांगला येतो, हे त्याहून वाईट.’

या शेवटच्या शेऱ्यापाशी बाई थांबल्या. मग पर्स उचलून लाँड्रीकडे निघाल्या आणि भाचीलाही बरोबर घेतले.

३

लाँड्रीत वाफ होती, सुती कपड्यांची ऊब होती, पण वास म्हणाल तर कसलाच नव्हता. काकांनी साबणाची पोती उघडून दाखवली. बऱ्याच गिऱ्हाइकांना सुगंधाने शिंका येतात, म्हणून ते बिनवासाचीच पूड वापरत होते. धुण्याचे पाणी आधी टाकीत साचते आणि अकराच्या आधी गटारात सोडत नाहीत, असेही ते म्हणाले.

भाचीने बाईंना कोपराने ढोसले. काका असेच म्हणणार, हे तिला सुचवायचे होते. पण तिने वहीत ते लिहून घेतले, कारण ती मुळात प्रामाणिक मुलगी होती. शिवाय सगळे ठिपके सकाळी नऊ ते साडेनऊमधले आहेत, हे तिला पाठ होते.

“नऊला तुमच्याकडे काय असतं?” बाईंनी विचारले.

काही नाही, काका म्हणाले. नऊला शटर वर होते, दिवे लागतात, आणि फिरायला गेलेली मंडळी येऊन पायऱ्यांवर टेकतात. एरवी या उताराच्या वस्तीत फोनला रेंजच नाही. म्हणून त्यांनी कपड्यांसाठी थांबणाऱ्या गिऱ्हाइकांकरता फुकट वायफाय ठेवले होते आणि पासवर्ड बाहेर फळ्यावर खडूने लिहिला होता. गिऱ्हाईक एक आणि फुकटे दहा, पण बसतात बिचारे, असे काका म्हणाले.

बाई बाहेर आल्या. पायऱ्यांवर तिघे जण फोनमध्ये डोके घालून बसले होते. बाईंनी फळ्याकडे पाहिले, पायऱ्यांकडे पाहिले आणि मग कितीतरी वेळ ओढ्याकडे पाहिले.

लाँड्रीच्या वरच्या अंगाला, चालत पाच मिनिटांवर, गाड्या धुण्याचे केंद्र होते. त्याचा मालक भाचीच्या यादीतला दुसरा संशयित. तो पहिल्यापासूनच तोंडाळ. लाँड्रीवर ठिपके पडले याचा त्याला लपवता न येण्याइतका आनंद झाला होता, कारण काकांशी त्याचे पार्किंगवरून वर्षभर वाजलेले होते. त्याचा फेस मात्र गुलाबी होता, झगझगीत, लग्नातल्या फुग्यांसारखा. बाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला. पांढरा फेस त्याच्या इथे वरून वाहत येतो की त्याच्या खाली सुरू होतो?

मालक विचारात पडला. वरून येतो, तो म्हणाला. रोज सकाळी वरूनच येतो.

भाची जागच्या जागी उभी राहिली. लाँड्री खाली होती. फेस काही ओढ्यात उलटा चढत नाही.

“हा खोटं बोलत असेल,” ती म्हणाली. “त्याला स्वतःवरचं झटकायचंय.”

“असेलही,” बाई म्हणाल्या. “पण मग तो काकांना वाचवतोय. आणि काकांना वाचवण्यापेक्षा तो स्वतःची गाडी विकेल.”

४

दोन वाजले होते. भाचीच्या टेबलावर दोघी एकशे बारा फोटो एकेक करून बघत बसल्या. फेस, फेस, कोणाचा अंगठा, पुन्हा फेस. बाईंचे डोळे चुरचुरायला लागले. आपण उगाच काकांना आशा लावली, असेही त्यांना वाटून गेले.

आणि सत्त्याऐंशीव्या फोटोवर त्यांनी भाचीचा हात धरला.

फोटो मंगळवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी आलेला होता. पुढे फेस होता, मागे दगडी कठडा होता आणि कठड्यावर कोणीतरी बसून वर्तमानपत्र मांडीवर घेतले होते. माणसाचे तोंड चौकटीबाहेर राहिले होते. बाईंनी भाचीला वर्तमानपत्र मोठे करायला सांगितले. चित्र फुटत फुटत मोठे झाले आणि त्यात काळ्या घरांचे मांजर दिसले, मिशांसकट.

“हे माझं सोमवारचं कोडं,” बाई म्हणाल्या.

भाचीने खांदे उडवले. मंगळवारी कोणी सोमवारचा पेपर घेऊन बसला असेल, असे तिचे म्हणणे पडले. बाईंनी कोड्यातली पांढरी घरे बघितली. अर्धी रिकामी होती आणि अर्धी हिरव्या शाईने भरलेली होती.

बाईंनी आपला खण उघडला. त्यात हिरव्या शाईच्या पत्रांचा गठ्ठा होता. शहरात एक निवृत्त मास्तर होते. ते बाईंना कधी भेटले नव्हते, पण गेली नऊ वर्षे दर आठवड्याला पत्र लिहून कोड्यातल्या चुका काढत होते. ताजे पत्र सोमवारचे होते. मास्तर पत्र स्वतः फाटकावर देऊन जात, आणि तिथल्या शिक्क्यात सोमवार, दुपारी बारा अशी वेळ होती. मास्तरांनी लिहिले होते की कोडे पुरे झाले, पण शेवटच्या शब्दाने पाऊण तास खाल्ला, आणि बाईंनी वाचकांच्या वेळेची थोडी तरी कदर करावी.

बाईंनी पत्र आणि फोटो शेजारी शेजारी ठेवले. “सोमवारी बाराला हे कोडं भरून झालं होतं. फोटोत ते अर्धं आहे. मग फोटो कधीचा?”

फोटो सोमवार सकाळचा होता. लाँड्री बंद असतानाचा. आणि त्यात फेस होता, कठड्याला लागेल इतका.

५

मास्तर प्रत्येक पत्राखाली ‘चर्चेसाठी’ म्हणून फोन नंबर लिहीत. नऊ वर्षांत तो पहिल्यांदाच वाजला. आपल्या टीकेला अखेर दाद मिळाली, असे वाटून त्यांनी आधी दहा मिनिटे सोमवारच्या शेवटच्या शब्दावर भाषण केले. बाईंनी ते निमूटपणे ऐकून घेतले आणि मग रोज सकाळी ते कुठे बसतात एवढेच विचारले.

“मोरीपुलावर,” मास्तर म्हणाले. “छान शांत जागा आहे. फोन लागत नाही, त्यामुळे सूनबाईलाही सापडत नाही. अहो, तुम्हाला कशी माहीत नाही? तुमच्या छापखान्याच्या मागेच तर आहे.”

बाईंनी फोन ठेवला.

छापखाना कचेरीच्या मागच्या अंगणात होता. अंगणाच्या टोकाला भिंत, भिंतीपलीकडे उतार आणि उताराखाली मोरीपूल. गाड्या धुण्याचे केंद्र त्याच्याही खाली होते. बाई अंगणातून चालत गेल्या आणि भिंतीपाशी सांडपाण्याच्या मोरीवर वाकल्या. गुडघे कुरकुरले. मोरीतून संत्र्याचा घमघमाट येत होता.

फोरमन मागे येऊन उभे राहिले. बाईंना असे वाकलेले पाहून त्यांना काही हरवले आहे का, अशी त्यांनी काळजीने चौकशी केली.

“फोरमन, तुम्ही संत्री कधीपासून खायला लागलात?”

“मी? मला संत्रं चालत नाही, बाई. पित्त होतं.” मग त्यांनी हात वर करून दाखवले, अगदी खुशीत. “हा वास होय? साहेबांनी नवीन द्रावण आणलंय ना, छपाईचे रूळ पुसायला. आधी रॉकेलनं पुसायचो, हात सोलून निघायचे. हे संत्र्याच्या सालीचं आहे. डब्यावर हिरवं पान आहे.”

“आणि पुसून झाल्यावर ते जातं कुठे?”

फोरमन सांगू लागले. रॉकेलचा मळ ते पिंपात भरत आणि गाडी येऊन घेऊन जाई. हे तर सालीचे, निसर्गाचेच, त्याला पिंप कशाला? पहाटे छपाई संपली की रूळ धुवायचे आणि मोरीत सोडायचे. तीन आठवडे झाले. एवढे बोलून ते थांबले, कारण बाईंचा चेहरा त्यांना नीट दिसला होता. मग त्यांनी भिंतीपलीकडे, खाली पाहिले.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “मासे माझ्यामुळे मेले का हो?”

६

साडेपाचला संपादकांच्या खोलीत सगळे जमले. काकाही होते. शर्टांचे निमित्त केव्हाच संपले होते, पण त्यांना घरी जाववत नव्हते.

बाईंनी फार लांबण लावली नाही. फेस पहाटे छापखान्यातून निघतो आणि सकाळी मोरीपुलावर दिसतो. फिरायला आलेले लोक तिथे फोटो काढतात, पण तिथे रेंज नाही. मग ते उतारावरून फिरत फिरत लाँड्रीपाशी येतात, पायरीवर बसतात, काकांचे वायफाय पकडतात आणि तिथून फोटो पाठवतात. आणि नकाशावर ठिपका कुठे पडतो? फोटो काढला तिथे नाही, बटण दाबले तिथे.

नकाशावाल्याचा हात आपसूक विरळ केसांत गेला. बोटाने जागा दाखवायची पायरी त्यानेच काढली होती.

“पण सोमवार?” संपादकांनी विचारले. “सोमवारी लोक काय ओढ्यावर जात नाहीत?”

“जातात. शटर बंद असतं, वायफायही बंद, मग काही जण फोटो दुसऱ्या दिवशी पाठवतात, मांजरवाल्यासारखा. आणि बाकीचे घरी जाऊन पाठवत असणार. ते कुठे गेले, ते मला अजून कळलेलं नाही.”

नकाशावाला खाकरला. ओढ्यापासून लांबचे ठिपके नकाशा आपोआप गाळतो, असे तो जमिनीकडे बघत म्हणाला. लोक थट्टा करतात असे वाटून त्यानेच तशी योजना केली होती. गाळलेले सगळे एका पेटाऱ्यात पडून होते आणि तो पेटारा कोणी उघडलाच नव्हता. त्याने संगणक पुढे ओढला आणि पेटारा उघडला. दोन सोमवारचे मिळून एकोणीस ठिपके निघाले, एकेका घरावर एकेक. सगळ्यांत फेस होता आणि एकाखाली शेरा होता, ‘संत्र्याच्या गोळीसारखा वास. आज लाँड्री बंद, म्हणून घरून पाठवते.’

काकांनी डोळे पुसले आणि ते लपवण्याचा प्रयत्नही केला नाही.

संपादकांनी चहाचा दुसरा कप मागवला. तो येईपर्यंत ते खिडकीतून छापखान्याकडे बघत राहिले. पावणेसहा झाले. ही बातमी थांबवता आली असती. द्रावण उद्यापासून पिंपात गेले असते, फेस आपोआप गेला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता. भाचीला हे सगळे त्यांच्या पाठीवर वाचता येत होते आणि तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. तिचा नकाशा आज एक तर मरणार होता, नाही तर खरा होणार होता.

“द्रावण मी आणलं,” संपादक शेवटी म्हणाले. “फोरमनचं नाव कुठे यायला नको. माझं घाला. आणि नकाशा छापायचा, मोठा छापायचा. फक्त ठिपका योग्य जागी ठेवा.”

भाची उठली आणि वाकून त्यांच्या पाया पडणार होती, पण तेवढ्यात कप आला आणि ते राहून गेले.

७

शुक्रवारी पहिल्या पानावर ओढ्याचा नकाशा होता. त्यावर एकच मोठा लाल ठिपका होता आणि तो वर्तमानपत्राच्या स्वतःच्या इमारतीवर होता. त्याखाली संपादकांची सही होती आणि लाँड्रीवाल्या काकांची मागितलेली जाहीर माफी होती, भाचीने चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलेली.

त्या सकाळी कोडेबाई जन्मात पहिल्यांदा मोरीपुलावर फिरायला गेल्या. पाणी स्वच्छ नव्हते, पण फेस नव्हता. कठड्यावर हिरव्या शाईचे पेन घेऊन एक शिडशिडीत गृहस्थ बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितले की आजचे कोडे फारच सोपे आहे, रचणारीचे लक्ष दुसरीकडे असावे. बाईंनी ते कबूल केले.

मग त्यांनी पाण्याचा फोटो काढला आणि उतारावरून लाँड्रीकडे गेल्या. शटर नुकतेच वर झाले होते. पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या आणि काका आतून सगळ्यांना ओरडून ओरडून नमस्कार करत होते. निरीक्षक आला होता, पण तो आपली विजार टाकायला.

बाईंनी पायरीवर जागा करून घेतली. नकाशावाल्याने रातोरात जुनी पायरी परत बसवली होती. फोनवर प्रश्न आला, बोट ठेवून जागा दाखवा. बाईंनी चष्मा चढवला, जीभ दातांत धरली आणि बोट मोरीपुलावर नेऊन टेकवले. तिथे फेस नसल्याचा पहिला हिरवा ठिपका उमटला.

त्यांनी वर पाहिले. फळ्यावर पासवर्डच्या खाली काकांनी नव्या खडूने एक ओळ लिहिली होती:

‘वायफाय फुकट आहे. फोटो कुठे काढला ते आधी सांगा.’